पाऊण इंच

सगळे तिला टेपबाई म्हणत, कारण मापाची टेप तिच्या गळ्यातून उतरायची ती फक्त आंघोळीला. चौतीस वर्षं तिनं पँटी शिवल्या आणि एकही उसवायला परत आली नाही, हे ती कुणी न विचारता सांगायची. न विचारता सांगायच्या तिच्याकडे बऱ्याच गोष्टी होत्या. एकच तिनं पोटात ठेवली होती. तिच्या नवऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड होता.

लग्नाआधी तो तिच्या बापाच्या दुकानात पँट शिवायला आला होता. बाप जेवायला गेलेला, म्हणून माप तिनं घेतलं. दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं माप. लहानपणी झाडावरून पडलो, हाड वाकडं बसलं. दुमड अशी घाला की कळू नये. आणि कुणाला बोलू नका."

ती बोलली नाही. दुमड घातली, आणि लग्न झाल्यावर त्याच्या डाव्या बुटात चामड्याचा तुकडाही बसवला. तो विजेचे मीटर वाचत आयुष्यभर दारोदार चालला, निवृत्त झाला, पण पोटच्या पोरीलाही पत्ता लागला नाही.

निवृत्तीनंतर त्याला मोटरसायकलचं वेड लागलं. शर्यतीचं नव्हे. कालव्याच्या कडेची मातीची वाट धरायची, टेकडीमागच्या खडीच्या रस्त्यानं सावकाश जायचं, वाटलं तिथं थांबून डबा खायचा, एवढंच. वहीत पेन्सिलीनं त्यानं तीन गाड्या उतरवल्या होत्या. कुणाचं वजन किती, सीट किती उंच, खिशाला कोणती झेपेल.

"डांबरावर चालली पाहिजे आणि मातीतही," तो समजावायचा. "आणि हलकी हवी. पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे."

"पडायचं ठरवूनच निघताय तर पाठीला गादी बांधून जा," ती म्हणायची. आणि तो बाहेर गेला की वही उघडून वजनाचे आकडे बघायची.

शनिवारी जावई त्यांना शोरूममध्ये घेऊन गेला. जावई नवा, सहा महिन्यांचा. त्याच्यासमोर सासरा एरवीपेक्षा ताठ चालायचा. शर्टाला इस्त्री, पँट तिनंच शिवलेली, दोन्ही पाय बुटांवर सारखे पडलेले.

टाय लावलेल्या विक्रेत्यानं आधी सगळ्यात मोठी गाडी दाखवली. "एकशे सत्तर किलो. पण काका, रुबाब बघा."

"चिखलात रुबाब आडवा झाला की उचलायला तुम्ही येणार का?" टेपबाई म्हणाली.

जावई हसला. नवराही हसला. आणि तिथंच तिचं बिघडलं. चार माणसं हसली की तिची जीभ मोकाट सुटायची.

दुसरी गाडी ठेंगणी, स्वस्त, पण खडीत पोट घासेल अशी. तिसरी मात्र बरोबर हवी तशी. एकशे अठरा किलो, बारीक अंगाची, चाकं उंच. नवऱ्यानं तिच्या टाकीवर हात फिरवला. तो कसा फिरवला ते टेपबाईनं पाहिलं. चांगल्या कापडावर ती स्वतः असाच हात फिरवायची.

तो बसला. सीट उंच होती. डाव्या पायाचा नुसता चवडा टेकला आणि गाडी कलायला लागली.

"काका, घाबरू नका," विक्रेता म्हणाला. "उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, डाव्यावर तोलायची. बुटक्या माणसांना वेळ लागतो जरा."

"बुटके?" टेपबाई पुढं सरसावली. "मापाचं मला शिकवू नका. चौतीस वर्षं यांच्या पँटी शिवतेय. उंचीला काही कमी नाहीत. डावा पाय तेवढा पाऊण इंच आखूड आहे, बाकी माणूस सरळ आहे." आणि टेप काढून तिनं ती त्याच्या पायाला लावलीसुद्धा.

जावई हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो पुढं आला, सासऱ्याचा कोपर धरला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, सावकाश उतरा हं."

नवरा उतरला. टेपबाईच्या हातात टेप लोंबत राहिली.

घरी येऊन त्यानं बुटातला चामड्याचा तुकडा काढला आणि तिच्या शिलाई मशीनवर ठेवला. भांडला नाही. त्या दिवसापासून तो दारापासून नळापर्यंत उघड लंगडत चालू लागला. ते पाऊल वाजलं की तिची कानशिलं तापायची. माफी मागणं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनंही कधी मनावर घेतलं नव्हतं. दोनदा ती "अहो" म्हणाली. दोन्ही वेळा पुढं "चहा घ्या" एवढंच निघालं.

पाचव्या दिवशी तिनं जावयाला फोन केला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, शोरूममध्ये काम आहे माझं."

तिथं जावई होता, टायवाला होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. टेपबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या दिवशी माझं माप चुकलं. पाय दोन्ही सारखेच आहेत यांचे. टेप जुनी झालीय, ताणलीय."

असं वाक्य तिच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं.

"होतं असं मावशी," टायवाला म्हणाला. "वय झालं की नजर साथ देत नाही."

एरवी तिनं त्याला उभा सोलला असता. आज मान खाली घालून ती म्हणाली, "हो. वय झालं."

नवरा इतका वेळ फरशीकडं बघत होता. तो आता त्या तिसऱ्या गाडीपाशी गेला, लंगडतच, आणि जावयाकडं वळून म्हणाला, "हिची टेप ताणलेली नाही. हिचं माप चुकत नसतं. माझा डावा पाय पाऊण इंच आखूड आहे, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून." मग टायवाल्याला म्हणाला, "ही गाडी घ्यायची आहे मला. सीट सुटी निघते का?"

"निघते की."

"मग काढून हिच्याकडं द्या. डावीकडून फोम कापून ही कव्हर शिवेल."

टायवाल्यानं सीट आणून दिली. टेपबाईनं ती पोटाशी धरली. वर बघायचं धैर्य तिला होत नव्हतं.

"अशी शिवते," ती कशीबशी म्हणाली, "की कुणाला कळणार नाही."

"कळलं तर कळू दे," तो म्हणाला. "मला पाय टेकला पाहिजे."