अर्जवाल्या काकांचा अर्ज

कॉलनीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की लोक अर्जवाल्या काकांचं दार ठोठावत. नळाला पाणी येत नाही, दाखल्यात जन्मतारीख चुकली, काहीही असो. निवृत्त हेडक्लार्क असलेले काका चष्मा लावून लगेच मजकूर उतरवून देत. पण त्या सोमवारी त्यांनी स्वतःसाठी अर्ज लिहिला, तोही घरात कुणाला न सांगता. ‘माझ्या मुलास शाळेच्या सेवेतून मुक्त करावे.’

मुलाने संगणकशास्त्राची पदवी घेतली, कंपनीत दोन वर्षं काढली आणि एक दिवस सगळं सोडून शाळेत शिकवायला लागला. काकांच्या पायाखालची वाळूच सरकली.

“एवढं शिकून मास्तर? लोक म्हणतील, पोराला दुसरं काही जमलं नाही!”

“बाबा, मला हेच जमवायचंय,” एवढंच तो म्हणाला.

आता जुनी कंपनी त्याला परत बोलावत होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं आणि हा पठ्ठ्या नाही म्हणणार होता. म्हणून काका अर्ज घेऊन थेट शाळेत गेले.

मुख्याध्यापिकाबाईंनी तो वाचला. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

“अक्षर फार सुरेख आहे हो. मुलाचं वय काय?”

“सत्तावीस.”

“मग सहीसुद्धा त्याचीच लागेल ना?”

काका वरमले, तरी हटले नाहीत. “बाई, हुशार मुलगा आहे. इथे वाया जाईल.”

“हुशार आहे म्हणूनच हवाय! ऑपरेशन करायला आपण चांगला डॉक्टर शोधतो. मग मुलं तेवढी उरल्यासुरल्यांच्या हाती सोपवायची?” बाई उठल्या. “पण नुसती हुशारीही पुरत नाही. पहिला महिनाभर तो मुलांच्या हातातला माउस काढून घ्यायचा. चुटकीसरशी चूक दुरुस्त! मुलं खूश, शिकत मात्र कुणीच नव्हतं. मग मी सांगितलं, हात मागे बांधून वर्गात फिरा. चला, दाखवते.”

संगणकाच्या खोलीत काकांचा मुलगा खरंच हात मागे बांधून उभा होता. एका मुलीचा प्रोग्राम तिच्या मार्कांची सरासरी काढत होता आणि उत्तर येत होतं एकशे बारा!

“सर, हा बिघडलाय.”

“तू सांगितलंस तेवढंच तो करतोय. काय सांगितलंस, मोठ्याने वाच.”

“पाच विषयांची बेरीज, भागिले… अय्या, मी चारने भागलंय!”

एक आकडा तर बदलायचा होता. मुलाची बोटं पाठीमागे चुळबुळत होती, पण त्याने हात सोडले नाहीत. तिनेच आकडा शोधून बदलला आणि ओरडली, “माझं मला आलं!”

दारात उभ्या काकांना आपलं ऑफिस आठवलं. तिथे संगणक आले, तेव्हा शिकवायला आलेला तरुण दर वेळी त्यांच्या हातून कीबोर्ड ओढून घ्यायचा. “राहू द्या काका, तुम्हाला नाही जमायचं!” काका मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. शेवटी पाच वर्षं आधीच त्यांनी निवृत्ती घेतली आणि घरी डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळ्यांना काय धाड भरली होती! त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

“बाई, तो अर्ज द्या परत,” काका पुटपुटले.

तास संपला. मुलगा चकित होऊन पुढे आला. “बाबा, तुम्ही इथे?”

“तुला इथून काढायला आलो होतो रे. चुकलो.” काकांनी सगळं सांगून टाकलं. “तुझ्यासारखा मास्तर मला तेव्हा मिळायला हवा होता.”

मुलाने रिकामी खुर्ची ओढून त्यांना बसवलं. स्वतःचं नाव पडद्यावर उमटवायला काकांना वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो शेजारी थांबला.

मंडळी, आपल्या घरातलं हुशार मूल शिक्षक व्हायचं म्हणालं, तर ‘दुसरं काही जमत नाही का’ असं विचारू नका. आपल्याला जमत नाही असं समजून किती माणसं आयुष्यभर मागच्या बाकावर बसून राहतात! त्यांना पुढे आणून बसवणारं माणूस तुमच्या घरी जन्माला आलं असेल, तर त्याची वाट अडवू नका.