सात ओरखडे

सोमवार, १४ मार्च. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. ओरखडे सात.

मित्रांनो, ते ओरखडे माझे नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. ते उमटले तेव्हा मी हातभर अंतरावर, न्हाणीघरातल्या फळीवर होतो. मी एक जुना ट्रिमर आहे. मुठीत मावणारे, बॅटरीवर चालणारे, केस मुळापासून न काढता फक्त आखूड करणारे यंत्र. माझी हकीकत थोडी अवघड जागेची आहे. त्या जागेबद्दल माणसे बोलत नाहीत, आणि न बोलल्यामुळेच ती तिथे स्वतःला इजा करून घेतात. म्हणून मी बोलतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझे अंग प्लास्टिकचे असले, तरी जीव आहे तो पुढच्या दोन दातेरी पात्यांत. खालचे पाते स्थिर असते, वरचे त्याच्यावर डावी-उजवीकडे सरकते, आणि दोन दात्यांच्या फटीत आलेला केस तेवढा कापला जातो. खालच्या पात्याच्या दात्यांची टोके गोल केलेली असतात. ती घासणारी बाई फार काटेकोर होती. प्रत्येक पाते ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघे, आणि जरा जरी टोचले तरी पुन्हा चाकावर धरी. पुढे मला एका खोक्यात भरले. खोक्यावर रुबाबदार दाढीवाल्या तरुणाचे चित्र होते. त्यामुळे आपण दाढीसाठीच जन्मलो आहोत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

मला घरी आणणारा माणूस सुतार होता. त्याच्या स्वतःच्या दाढीला वस्तरा पुरेसा होता. मला त्याने वडिलांसाठी घेतले. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. दिवसरात्र डायपर लावावा लागे. जांघेतल्या वाढलेल्या केसांत ओल अडकून राही, कातडी लाल होई, आग होई. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी सुचवले की तिथले केस आखूड ठेवा, मात्र वस्तऱ्याने तासू नका, कातडी आधीच हळवी झाली आहे.

पहिल्या रविवारी बापलेक दोघेही अवघडले. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि आप्पा छताकडे. शेवटी आप्पांनीच विचारले, शाळेच्या दारांना बिजागऱ्या कुठल्या लावल्यास? मुलगा म्हणाला, पितळी. आप्पांचे मत पडले की लोखंडी चालल्या असत्या, शाळेत दार हळू कोण लावतो? वाद रंगला, आणि तो मिटण्याच्या आत माझे काम होऊन गेले होते. तेव्हापासून त्या घरात हा रिवाजच पडला. मी गुणगुणायला लागलो की लाकूडकामाचा विषय निघे, आणि मी थांबलो की विषयही थांबे.

सुताराचा हात हत्यार ओळखणारा होता. खोलीतला मोठा दिवा तो आधी लावे. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी झाल्यावरच मला हातात घेई. माझ्या तोंडावर प्लास्टिकची फणी बसवे, म्हणजे पाते कातडीला टेकतच नसे. दुसऱ्या हाताने कातडी अलगद ताणून धरी, कारण सैल कातडीची घडी दात्यांत सापडू शकते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, न दाबता, मला सरकवी. बोटाच्या नखाएवढे केस तो राहू देई. तेवढे केस कातडीवर कातडी घासू देत नाहीत, ते शत्रू नव्हेत. काम झाले की साध्या पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे. सुवास नाही, पावडरही नाही. मग तो माझी पाती ब्रशने झाडून त्यांवर तेलाचा एक थेंब सोडी. आप्पा एकदा सुनेला म्हणाले होते की ह्याचा हात लागतो तेव्हा फक्त आवाज येतो, बाकी काही कळत नाही. ती शाबासकी मुलासाठी होती. पण त्यातली थोडी मी माझ्याकडे ठेवून घेतली.

न्हाणे-धुणे झाले की मुलगा आप्पांना दोन्ही हातांवर उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवी. खुर्ची त्यानेच बनवली होती, डाव्या बाजूला उंच हाताची. खिडकीखाली बसथांबा होता. आप्पा तिथून बसच्या इंजिनांचे आवाज ऐकत आणि कुठल्या गाडीचे काय बिघडले आहे ते सांगत. सुनेचा भाऊ, म्हणजे सुताराचा मेव्हणा, त्याच मार्गावर बस चालवी. आप्पांनी वरून ओरडून सांगितलेला बिघाड त्याच्या डेपोत दोनदा खरा निघाला होता. हा मेव्हणा कितीदा म्हणाला की दाजी, सकाळी मी ड्युटीआधी येतो, दोघे मिळून उचलू. पण आप्पांना मुलाखेरीज कुणाचा हात चालत नसे. सुनेला तर ते अशा वेळी खोलीतही येऊ देत नसत.

चौथ्या वर्षी सुताराच्या उजव्या जांघेत एक फुगवटा दिसू लागला. उभे राहिले की येई, निजले की जाई. तपासणीत हर्निया निघाला. सर्जनबाईंनी सांगितले की शस्त्रक्रिया करून आत जाळी बसवावी लागेल, आणि तोवर जड काही उचलायचे नाही. वडिलांना एकट्याने उचलणे तर आता कधीच नाही. त्या दिवशी खुर्ची रिकामी झाली. आप्पा पलंगावरून छताचा पंखा बघत राहिले. महिन्याभरात त्यांच्या माकडहाडाशी लाल चट्टा उठला. त्यांना कुशीवर वळवताना नर्सबाई म्हणाल्या, हा फाटला तर भरून येणे कठीण आहे, ह्यांना लवकर बसते करा. शस्त्रक्रियेची तारीख १६ मार्च ठरली होती. सगळ्या घराचे डोळे त्या तारखेकडे लागले.

इस्पितळातल्या सिस्टरने सुताराला बजावले होते की घरी ब्लेड लावायचा नाही. त्या सकाळी वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, मशीनने केस आखूड करतील. त्याने मान डोलावली. पण त्याच्या कानात राहिले ते एवढेच, की वॉर्डातला मामा. अनोळखी माणूस. आपण तयार होऊनच जावे म्हणजे प्रश्न मिटला, असा त्याने विचार केला.

म्हणून दोन दिवस आधी, बायको उठायच्या आत, तो न्हाणीघरात आला. त्याने दाढीचा वस्तरा घेतला. त्यातला ब्लेड जुना होता. दिवा मिणमिणता होता. एक पाय उलट्या बादलीवर ठेवून, लांब केस आधी आखूडही न करता, वरवर साबण फासून तो घाईघाईने उलट दिशेने वस्तरा ओढू लागला. बाहेर बायकोच्या पावलांचा आवाज झाला तेव्हा त्याने आणखी घाई केली. रक्त दिसल्यावर दाढीनंतर लावायचे झणझणीत पाणी वर चोळले आणि टॉवेल दातांत धरून तो भिंतीला टेकला. मी सगळे बघत होतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत जो माणूस चार वर्षांत एकदाही चुकला नाही, तो स्वतःच्या बाबतीत एकही गोष्ट धड करत नव्हता.

बुधवारी दुपारी तो इस्पितळातून परत आला. सात ओरखड्यांपैकी दोन पिकले होते. सर्जनबाईंनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती. जाळीपर्यंत जंतू पोचले तर जाळीच काढावी लागेल, असे त्यांचे म्हणणे. बायकोला मात्र त्याने सांगितले की डॉक्टर गावाला गेले आहेत. ती स्वयंपाकघरात गेली. तो आप्पांच्या खोलीत आला. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा लागेन म्हणून मी तेव्हा आप्पांच्या उशाशी चार्जिंगला लावलेला होतो.

आप्पांनी त्याला दारापासून पलंगापर्यंत येताना पाहिले.

"फेंगडा का चालतोस?"

"काही नाही."

"डॉक्टर गावाला गेले म्हणून माणूस फेंगडा चालत नाही."

मग सगळे बाहेर आले. आप्पांनी एकेक गोष्ट विचारून घेतली, बिघडलेले यंत्र खोलावे तशी. ब्लेड कुठला? दाढीचाच. किती जुना? आठवत नाही. उलटा ओढलास? हो.

"लाकडाच्या रेषा बघितल्याशिवाय तू रंधा हातात घेत नाहीस," आप्पा म्हणाले. "आणि अंगावर उलटा? हा होता ना फळीवर?"

"तो तुमचा आहे. एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही."

"बरोबर आहे. मग तसाच जायचंस."

"तिथे कुणीतरी मामा आहे म्हणे. त्याच्यापुढे निजायचं..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

आप्पांनी उजव्या हाताने त्याला जवळ बसायला खुणावले. मग म्हणाले, "चार वर्षं तू माझं सगळं करतोस. मला एकदाही उघडं वाटू दिलं नाहीस. तसा हात फक्त तुझ्याच अंगाला चिकटलाय, असं वाटतं का तुला?"

सुताराचे कान लाल झाले. त्याचा आवाज चढला नाही, पण बोलणे धारेचे होते. "मग तुम्ही तरी दुसऱ्याला कुठे हात लावू देता? मेव्हणा किती वेळा म्हणाला. एकट्याने उचलून उचलून तर हे झालंय, आप्पा."

मला वाटते, ते वाक्य बोलायला त्याला महिना लागला होता, आणि ऐकायला आप्पांना चार वर्षे.

"बरं," आप्पा म्हणाले. "तू त्या मामापुढे नीज. मी ड्रायव्हरपुढे निजतो."

दाराआडून सून म्हणाली, "मी दादाला फोन करते." म्हणजे तीही ऐकत होती, आणि गावाला गेलेल्या डॉक्टरांवर तिने मुळीच विश्वास ठेवला नव्हता.

पुढच्या रविवारी मेव्हणा आला. सुतार शेजारी स्टुलावर बसून सांगत होता, आणि मेव्हण्याने मला दोन्ही हातांत बसच्या स्टिअरिंगसारखे धरले होते. हर्निया निघाल्यापासून रविवारचा रिवाज बंद पडला होता, महिनाभर मी पडून होतो. दात्यांत धूळ बसली होती, ती त्याने ब्रशने झाडली. मग त्याला वाटले, फणी काढली तर जास्त जवळून होईल. आप्पा आणि सुतार एकदमच नको म्हणाले. फणी राहिली.

"आप्पा, दुखलं तर सांगा हं," मेव्हणा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तू गाडी चालव. उतरायचं असेल तेव्हा मी घंटी मारीन."

मेव्हणा इतका हसला की मला बाजूला ठेवावे लागले. मग त्याला घरचा रिवाज सांगण्यात आला. लाकडातले त्याला काही कळत नव्हते, म्हणून त्या दिवशी गिअरबॉक्सवर चर्चा झाली. आप्पा खूश होते. गिअरबॉक्स हा त्यांचा जुना विषय होता.

सुताराने तीन आठवडे जांघेला ब्लेड लावला नाही. पिकलेले फोड पिळले नाहीत. डॉक्टरांनी दिलेले मलम लावले आणि सैल सुती कपडे वापरले. केस परत वाढताना खाज सुटे, तेव्हा गार पाण्याची घडी ठेवी. ६ एप्रिलला तो जसा होता तसा इस्पितळात गेला. परत आल्यावर त्याने आप्पांना सगळे सविस्तर सांगितले. मामा वयस्कर होते. त्यांनी फक्त लागेल तेवढेच पांघरूण बाजूला केले, मशीनला नवे पाते बसवले, आणि विचारले, धंदा काय? सुतार म्हटल्यावर मामांनी वॉर्डातल्या कपाटाचे गाऱ्हाणे मांडले. दार लागतच नाही, काय करावे? सुतार बिजागरीचे सांगू लागला, आणि सांगणे संपायच्या आत पांघरूण परत आले होते. हे ऐकून आप्पा डोळे मिटून हसले. बिजागऱ्या पितळी सांगितल्यास की लोखंडी, एवढेच त्यांनी विचारले.

शस्त्रक्रिया नीट झाली. जखम कोरडी राहिली. आता फळीवर माझ्या शेजारी सुताराचा स्वतःचा ट्रिमर असतो, निराळ्या रंगाचा, म्हणजे कधी गफलत व्हायला नको. मी म्हातारा झालो आहे. पूर्वी एका चार्जिंगवर चार रविवार निघत, आता दोनच निघतात.

मित्रांनो, त्या जागेचे केस ठेवायचे की आखूड करायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. न कापणे हीदेखील स्वच्छताच आहे, रोज धुतले की झाले. पण कापायचे ठरवलेत तर दिवा लावा, दार आतून बंद करा आणि घाई बाहेर ठेवा. केस घालवणारी मलमे तिथल्या नाजूक कातडीवर पसरू नका. दाढीचे हत्यार दाढीलाच राहू द्या. काही पिकले, सुजले, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ह्याहून अवघड पुष्कळ पाहिलेले असते. आणि शस्त्रक्रियेआधी घरी काही करू नका. जी काळजी तुम्ही आपल्या माणसाच्या अंगाची घ्याल, तेवढीच स्वतःच्या अंगाची घ्या. माझे एवढेच मागणे आहे.

आप्पांना एकट्याने उचलण्याची मनाई घराने आता मेव्हण्यालाही केली होती, म्हणून खुर्ची सुतार बरा होईपर्यंत तशीच थांबली. तोवर मेव्हणा रोज सकाळी ड्युटीआधी येऊन आप्पांना कुशीवर वळवी, आणि माकडहाडाचा चट्टा फाटला नाही. जूनअखेरीस सर्जनबाईंनी परवानगी दिली, ती दोघांनी मिळून उचलण्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा बसचा गणवेश घालूनच आला. आप्पांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सुतार, आणि खुर्ची नीट धरून सून. तिला आज आप्पांनी स्वतःच आत बोलावले होते. खाली थांब्यावर एक बस घरघरत उभी होती. आप्पा खुर्चीत टेकले, त्यांनी कान दिला आणि म्हणाले, क्लच गेलाय.

आप्पांचे वजन अठ्ठेचाळीस किलो. उचलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस.