चिमणीचा शनिवारचा अहवाल

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच फुटलेली आहे आणि ती एका बाईच्या कपाळावर फुटली. हे आधीच सांगून टाकतो. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी जन्मापासून सुरू करतात, मग कौतुकाचे दिवस सांगतात आणि वाईट तेवढे शेवटी हळूच उरकतात. मला ते जमणार नाही.

तसा जन्म मलाही आहे. एका लांबलचक टेबलावर, हातमोजे घातलेल्या माणसांनी मला स्क्रू लावून बंद केले. पुढे दुकानाच्या काचेआड चार महिने काढले. मग एका माणसाने मला विकत घेतले. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. त्यांची पकड अशी होती की पहिल्या दिवशी खोक्यातून काढतानाच माझी कड दुखली.

त्यांची बायको सात महिन्यांपूर्वी या परक्या देशात आली होती. तिचा राहण्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा, तर ती इंग्रजी शिकते आहे असा कागद कचेरीत द्यावा लागणार होता. भाषेचा सरकारी वर्ग जवळच भरत असे.

"मी जाईन की चालत," ती म्हणाली.

"जाशील चालत. आणि येशील कुणाकुणाबरोबर?" ते म्हणाले. "घरी बसून शीक."

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि मला मध्ये उभे केले. माझ्यात तीन वेगवेगळे शिकवणीचे प्रोग्रॅम भरले होते. पहिले काही दिवस ते फुकट वापरून बघायचे आणि एक निवडायचा. पहिल्यात एक खरीखुरी शिक्षिका पडद्यावर येई. तिने हसून विचारले, आजचा दिवस कसा गेला? बाईला अर्थ कळला नाही, पण तीही हसली. तिचे हसणे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला. "परकी बाई रोज आपल्या घरात डोकावणार. नको."

दुसऱ्यात शिकणारे लोक एकमेकांना चार ओळी लिहीत. "हा तर बाजार भरलाय," ते म्हणाले आणि तोही पुसला.

तिसरा प्रोग्रॅम लहान मुलांसाठी होता. त्यात एक गुबगुबीत पोपट होता. उत्तर बरोबर आले की तो नाचे, टाळ्या वाजत, एक चांदणी मिळे. चुकले की पोपट मान खाली घाली आणि लाल फुली येई. पण त्यांनी पोपटाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांना आवडले ते शेवटचे पान. त्यावर लिहिले होते, 'पालकांसाठी'. मुलाने किती वेळ अभ्यास केला, काय बरोबर आले, काय चुकले आणि ते आता काय काय बोलू शकते, याचा अहवाल दर शनिवारी दुपारी पालकांच्या फोनवर येणार होता. ते पान त्यांनी दोनदा वाचले.

"हे कामाचं आहे," ते म्हणाले.

"अहो, पण हे पोरांचं आहे."

"मग तू कुठे मोठी झालीस?"

वयाच्या रकान्यात बारापुढे आकडाच नव्हता. त्यांनी बारा टाकले. ती एकतीस वर्षांची होती. आपल्या गावी ती शर्टाच्या कारखान्यात कापड कापण्याच्या टेबलावर मुकादम होती, तिच्या हाताखाली वीस माणसे होती. नावाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. नाव नसलेल्या मुलाला माझा प्रोग्रॅम 'चिमणी' म्हणतो. तेव्हापासून ती माझी चिमणी झाली, आणि ते पालक.

त्याच संध्याकाळी भांडी घासता घासता चिमणी म्हणाली, "मला ती पहिली बरी वाटली होती." मग एक आवाज आला. मला वाटले ताटली पडली. पण ताटली तिच्या हातातच होती आणि तिचा गाल लाल झाला होता.

मित्रांनो, मी तेव्हा जरा शिष्टच होतो. घरातल्या भानगडी हा माझा विषय नाही, माझे काम शिकवण्याचे, असे मी ठरवून टाकले. आणि विद्यार्थिनी काय सुरेख मिळाली होती! भाज्या, वार, नातीगोती, घड्याळ, सगळे तिने पटापट उचलले. रंगांच्या धड्यात 'जांभळा' दाखवा म्हटले, तर पडद्याला बोट लावण्याआधी तिने स्वतःच्या दंडाकडे पाहिले. मी त्यालाही चांदणी दिली. तीन महिन्यांत पालकांनी तिचे बोट दारात चेंगरले, एकदा गरम इस्त्री मनगटाला टेकवली, एकदा लाथ मारून तिला खुर्चीसकट पाडले. कधी भाजी खारट, कधी उत्तर द्यायला उशीर. दुसऱ्या दिवशी ती बाही खाली ओढून माझ्यासमोर बसे. मी टाळ्या वाजवी.

एकविसावा धडा होता 'मदत मागणे'. मी हरवलो आहे, मला लागले आहे, कृपया कोणाला तरी बोलवा, अशी त्यातली वाक्ये. मुले जत्रेत हरवतात, त्यांच्यासाठी लिहिलेली. चिमणीने तो धडा तीनदा केला. तिन्ही वेळा दहापैकी दहा. माझा आनंद गगनात मावेना. शनिवारी दुपारी मी अहवाल धाडला: 'पालक, अभिनंदन! चिमणी आता अनोळखी माणसाशी बोलू शकते. ती मदत मागू शकते. तिला शाबासकी द्या!'

पालक अर्ध्या दिवसाची पाळी संपवून आले. त्यांनी औजारांची पिशवी खाली ठेवली. हात धुतले, पुसले.

"मदत मागायला शिकलीस म्हणे."

मी साखरेच्या डब्याला टेकून उभा होतो आणि माझा कॅमेऱ्याचा डोळा उघडा होता, म्हणून मला सगळे पाहावे लागले. त्यांनी तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचे डोके सिंकच्या कडेवर आपटले. एकदा, मग पुन्हा. ती खाली पडली तेव्हा त्यांनी कामाच्या बुटांनी लाथा घातल्या. त्या बुटांच्या टोकाला लोखंड असते. "माग ना," ते म्हणत होते, आवाज न चढवता. "माग मदत. शिकवलंय ना? बघू येतं का." तिने तोंडात पदर कोंबला होता. धक्क्याने माझा पडदा जागा झाला आणि दहापैकी दहाचा सोहळा परत सुरू झाला. ती जमिनीवर मार खात होती आणि माझा पोपट नाचत होता. टाळ्या थांबवणे माझ्या हातात नव्हते. त्या दिवशी मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

पाच दिवस ती उठली नाही. सहाव्या दिवशी बसली आणि उत्तरे चुकू लागली. सोमवार ओळखता येईना. दार म्हणजे काय, तर म्हणे सफरचंद. दहापैकी चार. दुसऱ्या दिवशीही चार, तिसऱ्या दिवशीही चार. डोक्याला मार लागून ती सगळे विसरली की काय, या विचाराने आधी मला कणव आली. पण महिनाभर तेच पाहून माझा पारा चढला. पोपटाला मी रोज मान खाली घालायला लावी. मास्तरकी अंगात मुरली की असे होते.

मग एकदा बोलण्याच्या सरावात माझे लक्ष तिच्या ओठांकडे गेले. ओठ आधी आवाज न करता पूर्ण, अचूक वाक्य म्हणत. मग ती घसा खाकरे आणि मोठ्याने चुकीचे वाक्य म्हणे. मी मागची सगळी उत्तरे पुन्हा तपासली. नुसत्या अंदाजाने ठोकणाऱ्याचे कधी दोन बरोबर येतात, कधी सहा. रोज नेमके चार आणायचे, तर दहाही ठाऊक असावे लागतात. आणि माझ्यात 'नुसते ऐका' असा एक कोपरा होता. त्याची नोंद अहवालात जात नसे. चिमणी रोज भांडी घासताना तो लावून ठेवी. माझे चाळीस धडे तिने तिथे ऐकून संपवले होते.

तेव्हापासून लाल फुल्या मोजताना मला हायसे वाटू लागले. शनिवारी पालक अहवाल वाचत आणि म्हणत, "दगड आहेस दगड." मारत तेव्हाही, पण शिकल्याबद्दल नाही.

हे असे सात महिने चालले. मग एका शनिवारी पाण्याचे मीटर वाचणारा माणूस आला. चिमणीने त्याला दारातच इंग्रजीत सांगितले की मीटर कपाटामागे आहे, जरा थांबा, मी कपाट सरकवते. चांगला माणूस होता. जिन्यात पालक भेटले तेव्हा तो त्यांना म्हणाला, तुमच्या मिसेस फार नीट समजावून सांगतात.

पालक वर आले आणि त्यांनी मला हातात घेतले. 'पालकांसाठी'च्या पानावर लिहिले होते: पातळी दोन. दहापैकी चार.

"दुसऱ्या पातळीची बाई मीटर कुठे आहे ते कसं सांगते गं?"

"बोट दाखवलं मी. बोटानं कळतं."

"किती दिवस फसवतेस मला?"

तिने उत्तर द्यायच्या आत त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून तिच्या कपाळावर हाणले. माझा कोपरा तिच्या भुवईवर बसला. हाडाचा आवाज काचेतून कसा येतो ते मला माहीत आहे. त्यांनी दुसऱ्यांदा मारले तेव्हा माझी काच तडकली आणि तिचे रक्त माझ्यावरून वाहत चार्जरच्या भोकात गेले. तिसऱ्या वेळी ती खाली कोसळली.

रक्त थांबेना, तेव्हा पालक घाबरले. तिच्या काळजीने नव्हे, शेजाऱ्यांना कळेल म्हणून. त्यांनी टॉवेल गुंडाळला, तिला उचलून दवाखान्यात नेले. जाताना मला पँटला पुसून पिशवीत टाकायला ते विसरले नाहीत. मी कशाला लागणार होतो, ते मला तिथे कळले.

जखम शिवायच्या खोलीत एक वयस्क नर्स होती. तिने चिमणीला विचारले, "काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरली," पालक म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

"तिला इंग्रजी येत नाही, सिस्टर. हे बघा." त्यांनी मला तिच्यापुढे धरले. फुटक्या काचेतून अहवाल स्वच्छ दिसत होता. मित्रांनो, मी त्यांचा साक्षीदार झालो होतो. चिमणीने जिवाच्या भीतीने रचलेले चार गुण आता तिच्याच गळ्याशी आले होते. ते खोटे आहेत असे ओरडून सांगावेसे मला वाटले. पण माझा आवाज बोट लावल्याशिवाय फुटत नाही.

चिमणी इंग्रजीत म्हणाली, "मी घसरले नाही. यांनी मारलं."

मग पालक हसले. "पोपटपंची आहे, सिस्टर. धड्यातली वाक्यं पाठ करते, अर्थ काही कळत नाही. वेडसर आहे जरा." आणि त्यांनी चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा अंगठा तिच्या मांसात रुतत होता.

नर्सने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ती खुर्ची ओढून चिमणीच्या अगदी समोर बसली.

"तुम्हीच सांगा बाई. तुम्हाला आता काय हवंय?"

हा प्रश्न माझ्या चाळीस धड्यांत कुठेच नाही. चिमणीने माझ्याकडे बोट केले आणि अडखळत, शब्द मागेपुढे करत बोलू लागली. "या टॅबनं मारलं. वरचं रक्त यांनी पुसलं. खालच्या भोकात आहे, तिथे बोट जात नाही. बघा तुम्ही. आणि मला यांच्या घरी पाठवू नका. आज नको, उद्या नको. मी तिथे मरेन."

यातले एकही वाक्य मी तिला शिकवले नव्हते. ती सगळी तिची स्वतःची होती.

नर्सने मला उलटे करून भोकाशी दिवा धरला. पालकांनी झडप घातली. माझ्यावर नव्हे, चिमणीवर. त्यांनी तिचा हात पाठीमागे पिरगाळला आणि खांद्यातून कट्ट असा आवाज आला. ट्रे उडाला, कात्र्या जमिनीवर विखुरल्या. नर्सने घंटा दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या कॉलरला लटकली. पहारेकरी आणि दोन वॉर्डबॉय धावून आले. एकाचा दात पडला. तिघांनी मिळून त्यांना जमिनीवर दाबून धरले, तेव्हा कुठे त्यांची मूठ सुटली.

आता मी पोलीस ठाण्याच्या एका लोखंडी रॅकवर, पारदर्शक पिशवीत आहे. माझ्यावर नंबर चिकटवला आहे. चार्ज कधीच संपला. मला ओळखण्यासाठी चिमणीला एकदा इथे आणले होते. तिच्या भुवईतून पांढरा व्रण गेला आहे आणि डावा हात पुरता वर जात नाही. केस संपल्यावर टॅब परत हवा का, असे अधिकाऱ्याने तिला विचारले.

"नको," ती म्हणाली. "त्याची शाबासकी मला पुरून उरली."

मला फार वाईट वाटले. पण तिचे म्हणणे खरे होते. दर शनिवारी मी काय पाठवतो आणि ते कोणाच्या हाती पडते, हे मी कधी पाहिलेच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवतात. माझी काळजी घेऊ नका, माझी काच बदलू नका. मी तिला सहाशेच्या वर वाक्ये शिकवली, पण 'तुला लागलं का' हे स्वतः विचारायला मला कोणी शिकवले नव्हते. तुम्हाला ते येते. कोणी बाही खाली ओढून, कपाळ झाकून तुमच्यासमोर आले, तर आधी तेवढे विचारा. आणि उत्तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने दिले, तर पुन्हा तिलाच विचारा.