गोफणीचा मारा अकरा

खालून दुसरी ओळ वाचा. आता सगळ्यात खालची.

तलवार ८४. धनुष्य ७६. भाला ७०. गोफण ११.

नागलीला कणसं भरली की पाखरं राखायला शेतातल्या माळ्यावर चढायचं आणि कापणीपर्यंत उतरायचं नाही. जेवायलासुद्धा नाही.

पंधरा ऑगस्ट. पुठ्ठ्याचं धनुष्य, वर चांदीचा कागद.

एकोणीस दिवस पेटीत पडून असलेली एक वस्तू, जिची कुणीतरी वाट पाहत होतं, असं बाकीच्यांना वाटत होतं.

*

पाथर्डी फाट्यावर निकिताच्या घरी एक्स्टेन्शन बोर्ड एकच, म्हणून रविवारी दुपारी तिघं त्याच्याभोवती शेकोटीला बसल्यासारखी बसायची. निकिता, शेखर आणि आशा. सोफ्यावर बंटी, तो राखीव. राखीव माणसाला चार्जर मिळत नाही, खारे शेंगदाणे मिळतात.

चार वाजता किल्ला उघडणार होता. किल्ला मोबाइलमधला, पण मागचे दोन रविवार त्यांनी त्याच्या पहिल्याच दरवाजात जे डोकं आपटलं होतं, ते खरोखर दुखत होतं. आज फरक एवढाच की आशाचा योद्धा शुक्रवारी तिसाव्या पायरीवर पोचला होता. तिसाव्या पायरीला एक शस्त्र धरायचं. एकदा धरलं की धरलं, बदल नाही. शेखर म्हणायचा, लग्नासारखं असतं. त्याचं अजून झालेलं नव्हतं.

आशा पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची, रावजीची मुलगी. कॉलेज रोडला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. शेखर नामपूरचा, आता नाशकात कुरिअरच्या कचेरीत, आणि टोळीचा म्होरक्या.

"टोळीची पेटी उघड," शेखर म्हणाला. "एकोणीस दिवस जपून ठेवलंय तुझ्यासाठी. मालेगावचा एक जण या धनुष्याच्या बदल्यात तीन घोडे देत होता."

"घ्यायचे होते घोडे."

"अगं, तुम्हा लोकांच्या तर रक्तातच धनुष्य."

"माझ्या रक्तात हिमोग्लोबिन नऊ आहे. मागच्या महिन्यात तपासलं."

निकिता फिसकन हसली. शेखर गंभीर राहिला, कारण तो प्रेमानं बोलत होता, आणि प्रेमानं बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते ऐकू येत नाही.

आशाला त्याचा राग नव्हता. ती पाचवीत नाशिकच्या शाळेत आली त्या वर्षापासून पंधरा ऑगस्टला तिच्या हातात पुठ्ठ्याचं धनुष्य यायचं. दहावीपर्यंत तेच. चांदीचा कागद दर वर्षी नवा. बाकीच्या मुली कधी झेंडा धरायच्या, कधी डॉक्टर व्हायच्या. हिला कुणी विचारायचंच नाही. इतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं. रावजीच्या घरात मात्र कधी धनुष्य नव्हतं.

"मला गोफण पाहिजे," ती म्हणाली.

खोलीत शेंगदाणा चावल्याचा आवाज आला.

"तुनं डोकं फिरी गयं का?" शेखर चिडला की बोलीनं थेट बागलाणात पोचायचा. "मारा अकरा आहे तिचा. अकरा. माझी तलवार एका घावात चौऱ्याऐंशी काढते."

"मारा वाचलास. खालची ओळ वाचलीस का?"

"कुठली खालची ओळ?"

आशानं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. अक्षर बारीक होतं. शेखरनं डोळे किलकिले केले. दुकानात असं करणाऱ्याला ती न बोलता पाऊण नंबरची काच लावायची.

*दगड पडेल तिथून शत्रू दोन पावलं लांब पळतो.*

"दोन पावलं," शेखर म्हणाला. "दोन पावलांनी काय होतं?"

"मग ते धनुष्य मला द्या ना," बंटी म्हणाला.

"तू गप रे." शेखरनं आवाज खाली आणला. तो आवाज जास्त वाईट होता. "ऐक आशा. पहिल्या दरवाजाच्या फेरीनंतर माणूस बदलता येतो. गोफण घेऊन अडलीस, तर तुझ्या जागी बंटी. आजच नाही, पुढचे सगळे रविवार."

रविवार हा आशाचा नाशकातला एकमेव दिवस, ज्या दिवशी तिला कुणी मॅडम म्हणत नसे.

"चालेल," ती म्हणाली.

*

माळ्यावरचं शिक्षण, जे कुठल्याच शाळेत नाही:

पाखरू मारायचं नाही. एक मेलं तर बाकीची तिथंच चरत राहतात. दगड थव्यात टाकायचा नाही, थव्याच्या अलीकडे टाकायचा. मग सगळी उठतात आणि पलीकडे जातात. पलीकडे केरूकाकाची नागली. केरूकाकाच्या माळ्यावरही गोफण असते. मग तो परत पाठवतो. दिवसभर एकच थवा दोन माळ्यांमध्ये हेलपाटे घालतो, आणि ज्याचा हात आधी दुखतो त्याचं पीक जातं.

आशाचा हात कधी आधी दुखला नव्हता.

*

चार वाजले. दरवाजाच्या आत पायऱ्यांवर वटवाघळं, शेदोनशे. डाव्या जिन्यावर दुसरी टोळी, लाल झेंडेवाली. मागचे दोन रविवार हेच झालं होतं: हे वटवाघळं मारत बसले आणि लाल झेंडेवाले बाजूनं निघून गेले.

शेखरनं तलवार उपसली.

"थांब. एकही मारू नकोस," आशा म्हणाली. "निकिता, तूपण. माझ्या मागे उभे राहा."

पहिला दगड उजव्या भिंतीशी पडला. थवा दोन पावलं डावीकडे सरकला. बंटी सोफ्यावरून उतरून तिच्या खांद्यामागे आला. त्याची जागा ठरणार होती. दुसरा दगड. दोन पावलं. तिसरा. तलवार एकदा फिरते तेवढ्यात गोफण चारदा फिरते, हे त्याच्याही खालच्या ओळीत होतं. दोन पावलांनी काही होत नाही हे शेखरचं खरं होतं, पण दोन-दोन करत थवा आता जिन्याच्या तोंडाशी होता.

आशानं शेवटचा दगड थव्याच्या अगदी अलीकडे ठेवला. ठेवला, असंच म्हणायला हवं.

सगळा काळा ढग जिन्यात ओतला गेला. तिथं तीन तलवारी होत्या, चौऱ्याऐंशी माऱ्याच्या. त्या मारू लागल्या. एक मेलं, दहा आली. लाल झेंडा दिसेनासा झाला.

"चला," आशा म्हणाली, आणि मोकळ्या पायऱ्यांवरून तिघं चालत दरवाजा पार करून गेली. पळावंही लागलं नाही.

पडद्यावर हिशेब आला. आशा: मारले, शून्य.

शेखरनं ते शून्य दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मग पेटी उघडून त्यानं धनुष्य बंटीच्या नावावर केलं.

"राखीवच राहशील," तो म्हणाला. "पण सजून राहा." आणि आशाकडे न बघता, "पुढच्या दरवाजात काय करायचं, बाई?"

"आधी वाचू दे."

तिनं मांडी घातली आणि चार्जर स्वतःकडे ओढला.

गोफण तिनं शनिवारी दुपारीच, जेवणाच्या सुट्टीत, कायमची धरून टाकली होती.