मीटरांची तोंडं कुणीकडे

फोन सकाळी आला. धारहून मल्हाररावांचा, म्हणजे मालनच्या थोरल्या भावाचा. मालन लोणची घालायला म्हणून माहेरी गेली होती. मल्हारराव म्हणाले, "दाजी, मालन गेली. झोपेतच गेली. तुम्ही या."

उदाजीराव म्हणाले, "बरं. निघतो."

त्यांनी शर्ट बदलला, गॅस बघितला, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि गाडी काढली. कानावर सगळं पडलं होतं, पण कळलं काहीच नव्हतं. कळलं ते गल्लीच्या तोंडाशी.

देवासात त्यांची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते. उजवीकडे इंदूर, इंदूरच्या पुढे धार. उजवीकडे वळायचं तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात. उजवी बाजू उदाजीराव बघायचे आणि डावी मालन. घरात पहिली गाडी आली तेव्हापासूनची ही वाटणी. मालन खिडकीतून मान बाहेर काढायची, रस्ता नीट बघायची आणि म्हणायची, "घ्या." ती घ्या म्हणाली की उदाजीराव गाडी घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांनी डावीकडे मान म्हणून वळवली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. मग ते थांबले. मागे एक रिक्षा आली, तिच्या मागे दूधवाला आला, त्याच्या मागे शाळेची बस. सगळे हॉर्न वाजवू लागले. चौकातला शिपाई आला आणि खिडकीवर टकटक करून म्हणाला, "बाबूजी, निकलो ना. रस्ता तो खाली है."

"एक मिनिट, भिया," उदाजीराव म्हणाले. "वो बोल दे, फिर निकलते हैं."

शिपायाने वाकून शेजारच्या सीटवर बघितलं. "कौन बोल दे?"

तेव्हा उदाजीरावांनीही बघितलं. सीटवर मालनची पाठीला लावायची उशी होती. मालन गेली हे त्यांना तेव्हा कळलं.

हॉर्न चालूच होते. उदाजीरावांनी गाडी डावीकडे वळवली, कारण डावीकडे वळायला कुणाला विचारावं लागत नाही. डावीकडे गेलं की उज्जैनचा रस्ता लागतो. उज्जैनहून पुन्हा डावीकडे बदनावर, बदनावरहून पुन्हा डावीकडे धार. एकही उजवं वळण न घेता ते धारला पोचले, पण पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात माणसं ऊन चढल्यापासून ताटकळत उभी होती.

"दाजी, तुम्ही आलात कुठून?" मल्हाररावांनी विचारलं.

"उज्जैनवरून."

"उज्जैनवरून का?"

"रस्ता तसा निघाला."

काहींना वाटलं, महाकाळाचं दर्शन घेऊन आले. मल्हाररावांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, "जन्मभर ती तुमच्यासाठी जेवायची थांबली. आज पण थांबवलीतच."

हे वाक्य उदाजीरावांच्या मनातून गेलं नाही. वर्षश्राद्ध धारलाच करायचं ठरलं होतं. त्या दिवशी वेळेवर पोचायचं, स्वतःची गाडी चालवत, सरळ रस्त्याने, एवढी एकच गोष्ट त्यांना आता करायची होती. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळायला हवं होतं. ते काही जमेना.

भाजी मंडईसुद्धा उजवीकडेच. उदाजीराव डावीकडे निघत, मग डावीकडे, मग आणखी डावीकडे, असा गावातल्या देवीच्या अख्ख्या टेकरीला वळसा घालून मंडईत पोचत. असा वळसा घालूनही इंदूरच्या रस्त्याला लागायचं तर चौराह्यावर पुन्हा उजवं वळण होतंच, त्यामुळे तिकडचं नाव नको. चालत का जात नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, "गाडी बसून खराब होते."

गल्लीत लोक कौतुक करू लागले, की उदाजीराव बायको गेल्यापासून रोज देवीच्या टेकरीची परिक्रमा करतात. कौतुक केलं नाही ते फक्त उमाबाईंनी. उमाबाई समोरच्या घरातल्या. त्यांचे सासरे संस्थानच्या दफ्तरात होते आणि अजूनही गल्लीत शास्त्राचं काही अडलं की लोक उमाबाईंना विचारतात. एका सकाळी त्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"उदाजीराव, देवी तुमच्या कोणत्या हाताला येते?"

उदाजीरावांनी स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे केले आणि विचार केला. "डाव्या."

"प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. तुम्ही रोज उलटी प्रदक्षिणा घालता आहात. तीसुद्धा भाजीसाठी."

"मी प्रदक्षिणा घालत नाही, उमाबाई. मी मंडईत जातो."

"देवीला काय माहीत तुम्ही कुठे जाता? तिला दिसतं एवढंच, की हा मनुष्य रोज अपसव्य फिरतो. अपसव्य श्राद्धात करतात. वांगी आणायला नाही."

"मग काय करू?"

"उजवीकडे वळा," उमाबाई म्हणाल्या. जसं काही ते एवढं सोपं होतं.

उदाजीरावांनी धारला फोन केला. मल्हाररावांची मुलगी राजनंदिनी तिथे गाड्यांचं काम करते. लोक तिच्याकडे नवे स्पीकर, नव्या सीटा आणि डॅशबोर्डवर जादा मीटर बसवून घ्यायला येतात. मीटरासाठी जो वाटीसारखा उंचवटा लागतो तो ती स्वतःच्या हातांनी घडवते.

"राजनंदिनी, डावीकडे कुणी नाही हे सांगणारा मीटर असतो का?"

"कशाचा?"

"डावीकडचा. रस्ता मोकळा झाला की घ्या म्हणायचं."

ती म्हणाली, "आतोबा, मीटर इंजिनाच्या आतलं सांगतो. बाहेरचं नाही सांगत. सेन्सर लावून देऊ शकते, पण त्याला दोन हात लांबचंच दिसतं. ट्रक काय दोन हातांवरून येतो? कॅमेरा लावू?"

"कॅमेरा दाखवतो. म्हणत नाही."

"बरं, हे सांगा, आत्या गाडीत अजून काय काय बघायची?"

उदाजीरावांनी आठवून सांगितलं. इंजिन तापलं की मालनला वासावरून समजायचं. तेल कमी झालं तर ती म्हणायची, आज गाडी घसा खरवडतेय. हॉर्नवरून बॅटरी ओळखायची. गाडीच्या काट्यांपैकी एकही चालू नव्हता. गरजच पडली नव्हती.

"मग सोपं आहे," राजनंदिनी म्हणाली. "तुमच्या डोक्यावर चार कामं एकदम पडली, म्हणून तुम्ही अटकता. पाण्याची गरमी, तेल, बॅटरी, तिघांना तीन मीटर लावू. तिकडून डोकं मोकळं झालं की डावीकडे तुम्हीच बघाल. गाडी घेऊन या. आणि येताना एखादं जुनं स्वेटर-बिटर आणा. ताणणारं कापड लागतं."

उदाजीराव उज्जैन, बदनावर करत धारला गेले. बरोबर मालनचं मेंदी रंगाचं स्वेटर नेलं. स्वतःची जुनी स्वेटरं मालनने कधीच भांडीवालीला देऊन कढया घेतल्या होत्या. घरात ताणणारं दुसरं काही नव्हतं.

राजनंदिनीने स्वेटर हातात घेतलं. "हे तर आत्याने स्वतः विणलेलं."

"ताणतं का ते बघ."

"आतोबा, यावर रेझिन ओतायचंय. कडक होईल, दगडासारखं. परत निघणार नाही."

"कपाटात तरी कुठे निघत होतं," उदाजीराव म्हणाले.

काम असं असतं. प्लास्टिकच्या जाड पाइपाच्या चकत्या कापायच्या, मीटर मावेल एवढ्या. त्या डॅशबोर्डवर हव्या त्या कोनात टेकवायच्या, चालवणाऱ्याला काटा समोर दिसेल अशा. त्यांच्यावर कापड ताणून बसवायचं, त्यावर ब्रशने रेझिन पाजायचं. कापड कडक झालं की घासून गुळगुळीत करायचं, चकत्यांच्या आतलं कापड कापून टाकायचं आणि रंग द्यायचा. मग कुणाला वाटत नाही की खाली स्वेटर आहे.

उदाजीराव दुकानासमोर खुर्ची टाकून पोहे-जिलेबी खात बसले. गाडीचं दार उघडं होतं आणि राजनंदिनीचे नुसते पाय दिसत होते. आतून आवाज आला, "आतोबा, मीटरांची तोंडं कुणीकडे करू?"

"तिच्याकडे कर," उदाजीराव जिलेबी मोडत म्हणाले. "मला कुठे काय दिसतं."

राजनंदिनीने डोकं बाहेर काढलं. त्यांच्याकडे बघितलं. "नक्की?"

"हो, हो. तीच बघते सगळं."

डोकं पुन्हा आत गेलं.

रेझिन वाळल्यावर उदाजीराव गाडीत जाऊन बसले. मेंदी रंगावर काळा रंग चढला होता, पण कितीही घासलं तरी विणीचे टाके दिसत होतेच, सुलट, उलट, सुलट. तीन वाट्या छान उठल्या होत्या. तिन्हींची पाठ त्यांच्याकडे होती.

"मला काटा दिसत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला नाहीच दिसणार. तुम्ही तिच्याकडे करायला सांगितलंत."

"मी?"

"दोनदा विचारलं मी."

"अगं, मग करायचं का तसं?"

"काय करू? आत्या असती तर मी तिच्याकडेच केले असते," राजनंदिनी म्हणाली आणि हाताला लागलेलं रेझिन खरवडू लागली. "आता तोडायचं तर डॅशबोर्ड जाईल."

"आणि हे चौथं भोक कसलं?"

शेजारच्या सीटसमोर, तीन मीटरांच्या पलीकडे, एक गोल भोक तयार झालं होतं. ते कुणी पाडलं नव्हतं. तो स्वेटरचा गळा होता. नेमका मीटरच्या मापाचा.

मल्हारराव बघायला आले. धोतर सावरून शेजारच्या सीटवर बसले आणि तिन्ही काट्यांकडे समाधानाने पाहिलं. "उत्तम काम. इथून सगळं दिसतं."

"पण दादा, चालवणाऱ्याला दिसत नाही," उदाजीराव म्हणाले.

"चालवणाऱ्याला काय करायचंय? धारच्या महाराजांच्या गाडीत चालवणाऱ्याला तोंडाने सांगत असत. दाजी, तुम्ही एक माणूस शेजारी ठेवा." मग उतरताना म्हणाले, "आणि वर्षश्राद्धाला दुपारच्या आत या. गुरुजी थांबत नाहीत."

उदाजीराव इंदूरच्या बाहेरच्या रस्त्याने देवासला परतले. येतानाही सगळी वळणं डावीच असतात आणि गल्लीही डाव्या हाताला येते. घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता त्यांनी इंदूर शहराला उलटी प्रदक्षिणा घातली. हे उमाबाईंना सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण उमाबाई गाडी बघायला आल्या, सीटवर बसल्या, चष्मा लावला आणि तिन्ही मीटर मोठ्याने वाचले. इंजिन बंद होतं, तरी वाचले.

"पाणी, शून्य. तेल, शून्य. बॅटरी, शून्य. हे तर मला येतं," त्या म्हणाल्या. "श्राद्धाला मीच येते. मालनच्या हातचं लोणचं मी वर्षानुवर्षं खाल्लंय. कुणी वाचणारं हवंच ना?"

श्राद्धाच्या दिवशी दोघं पहाटे निघाले. इतक्या लवकर कशाला, असं उमाबाईंनी विचारलं. उदाजीराव म्हणाले, "असू द्या हाताशी वेळ." उमाबाईंच्या मांडीवर काळ्या तिळांची पुडी आणि दर्भ होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली.

उमाबाईंनी चष्मा नीट केला. पोथी वाचावी तशा स्वरात त्यांनी सुरुवात केली. "पाणी अजून गार आहे. तेल ठीक. बॅटरी बरी."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे मीटर नाही. नुसतं भोक आहे."

"रस्ता बघा हो, उमाबाई."

उमाबाईंनी मान वळवून बघितलं. "रिकामा आहे. कुत्रंसुद्धा नाही."

उदाजीरावांनी उजवीकडे बघितलं. तिकडेही कुणी नव्हतं. पाय क्लचवरच राहिला. मागे दूधवाला येऊन थांबला. त्याला सवय झाली होती, त्याने हॉर्न वाजवला नाही.

"अहो, रिकामा आहे म्हटलं ना. आता काय?"

"काही नाही."

"मी काही म्हणायचंय का?"

उदाजीरावांनी नाही म्हणून मान हलवली. सांगितलं असतं तर उमाबाई म्हणाल्याही असत्या, आणि खणखणीत म्हणाल्या असत्या. पण तो शब्द उमाबाईंच्या तोंडून त्यांना ऐकायचा नव्हता. आपणच डावीकडे बघावं असंही एकदा मनात आलं. तिकडे उमाबाई होत्या, मांडीवर तीळ होते, आणि स्वेटरचा गळा होता. त्यांनी मान पुन्हा सरळ केली.

उमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तिळाच्या पुडीकडे बघितलं, आणि चष्मा काढला.

"आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"श्राद्ध."

"श्राद्धात काय करतात?"

"अपसव्य," उदाजीराव म्हणाले.

"मग आज डावीकडूनच जायचं. आज तेच शास्त्र आहे. चला."

उदाजीरावांनी गाडी डावीकडे वळवली. उज्जैनपर्यंत उमाबाई मीटर वाचत होत्या, उज्जैनच्या वेशीवर त्यांनी महाकाळाला गाडीतूनच हात जोडले, आणि बदनावरच्या अलीकडे "पाणी चढलं" म्हणून गाडी थांबवली. पाणी खरंच चढलं होतं. गाडी निवली तसे निघाले आणि गुरुजी पाट मांडत असताना धारला पोचले. मल्हारराव दारात उभे होते. त्यांनी उन्हाकडे बघितलं, उदाजीरावांकडे बघितलं. म्हणाले, "आलात. या, पाय धुवा."

परतताना उमाबाईंना इंदूरच्या प्रदक्षिणेचं आपोआपच समजलं. त्या म्हणाल्या, आजच्या दिवसाचं चालतं, उद्यापासून चालणार नाही.

चौथ्या भोकात आता उमाबाई चष्म्याचं घर ठेवतात. तिथे मीटर बसलेला नाही. मंडईला जाताना टेकरी अजून उदाजीरावांच्या डाव्याच हाताला येते. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळायचं राहिलं आहे.