कुंकवाची बाजू

मी बोलतोय तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागून. मी एक बोटाएवढा काळा लोहचुंबक, दार धरून ठेवायला जन्मलेला. मरोळच्या या चाळीत सुतारानं मला आणि माझ्या जुळ्या भावाला दोन दारांवर बसवलं, तेव्हा आम्ही सुखात होतो. साखरेच्या डब्याचा वास, मुंग्यांची ये-जा, आणखी काय हवं?

सत्त्याऐंशी साली गणपती उठले आणि शिवदासनं आम्हाला पेचकसानं उचकटून काढलं. शिवदास घरातला थोरला, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळणारा. धाकटा जयवंत विजेवरची गिटार वाजवायचा. मुलुंडच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक दत्ताराम त्याला बजावून गेले होते, "दसऱ्याला वाजव. तो घुंऽऽ आवाज तेवढा घालव. जमलं तर कायमचा आमचा, नाहीतर दुसरा बघतो."

तारांचा सूर पकडायला शिवदासनं त्यांच्याखाली बसवायच्या दोन कॉइल घरीच गुंडाळल्या आणि त्यांच्या पोटात आम्हा भावांना घातलं. आई कुरकुरली, पण उघडी पडलेली दारं सुतळीनं बांधली तिनंच.

मग माझी उलटापालट सुरू झाली. दोन्ही कॉइल सारख्या जोडल्या की घुंघुं दुप्पट. एकीच्या वायरी उलट जोडल्या तर घुंघुं गेली, पण तारांचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शेवटी वायरी तशाच उलट ठेवून शिवदासनं मला एकट्याला पालथं घातलं. रेडिओला जोडलेल्या गिटारमधून असा भरलेला, स्वच्छ सूर आला की दोघे भाऊ बघतच राहिले. "झकास रे दादा!" म्हणत जयवंतनं त्याला उचललंच. मलाही तेव्हा फार अभिमान वाटला. आता त्याची लाज वाटते.

माझ्या दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. म्हणून शिवदासनं आईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन तारांकडे ठेवायच्या बाजूवर ठिपका दिला. भावाला चिकटवून झालं होतं, माझं राहिलं होतं. दसऱ्याला कारखान्यात पूजा, त्यामुळे तो सकाळीच निघाला. "जयवंत, कुंकवाची बाजू वर. तशीच चिकटव."

तो गेला आणि आईनं पाट मांडला. पेचकस, पक्कड, गिटार आणि मी. घरात जे जे राबतं त्याचा आज मान, ही त्यांच्या कोकणातल्या घरची रीत. तिनं ओल्या फडक्यानं मला मायेनं दोन्हीकडून पुसलं, पाटावर ठेवलं आणि जी बाजू वर आली तिला नवं कुंकू लावलं. ती नेमकी चुकीची बाजू होती. मला ओढता येतं, ओरडता येत नाही.

पूजा झाल्यावर जयवंतनं कुंकू पाहिलं आणि मला तसंच चिकटवलं. वाजवून बघायला रेडिओ लावणार, तोच आई आडवी आली. "पूजलेला आसा ता. सांजपर्यंत वाजवू नको."

मुलुंडच्या स्टेजवर घुंघुं नव्हती. सूरही नव्हता. आम्ही दोघे जुळे एकमेकांचा आवाज खात होतो. जयवंतनं आवाज वाढवला तसा डबा जास्तच वाजला, पुढच्या खुर्च्यांत हशा पिकला आणि दत्तारामनी हातानंच त्याला थांबवलं. खाली शिवदास भेटला तर जयवंत सगळ्यांदेखत ओरडला, "दारातले भंगार चुंबक घातलेस ना? वाट लावलीस माझी!"

दुसऱ्या दिवशी शिवदासनं मला खरवडून काढलं. दुसरा चुंबक जवळ नेऊन बाजू पाहिली, कुंकू पाहिलं, मग आईच्या हाताकडे पाहिलं.

"काय चुकला रे?" आईनं विचारलं.

"काही नाही गं. बाजू सांगताना माझंच चुकलं."

जयवंत दारात चपला घालत होता. "ऐकलंस आई? स्वतःच्या तोंडानं सांगतोय," म्हणाला आणि निघून गेला. आता तो चेंबूरला राहतो, कुठल्याशा दुकानात कापड मोजतो. दिवाळीलाही येत नाही. गिटार गोराईच्या कुणाला तरी विकली, त्यात माझा भाऊही गेला.

मी पुन्हा दारावर आहे. दुसरं दार अजून सुतळीनंच बांधलेलं. दर दसऱ्याला आई कपाट उघडते, माझ्यावर कुंकू टेकवते आणि हात जोडून म्हणते, "देवा, माझ्या जयवंताक घराकडे हाड." त्याला घरी आण, एवढंच तिचं मागणं. शिवदास तेवढ्यात बाहेर जाऊन उभा राहतो.

आई, तुझ्या हातावर माझा राग नाही. पण यंदा मला कुंकू लावू नकोस.