बाळंतिणीच्या दाराबाहेर राल्फ हॅलिडन

राल्फ हॅलिडन म्हणजे इंग्लंडचा मोठा हीरो. सिनेमात कायम जहाजाचा कप्तान. त्याची अंडीपिल्ली मला पाठ झाली ती आमच्या ह्यांच्यामुळे. यूनुस नाव, घेते, आता कोण रागावणार! तिकडे अरबांच्या मुलखात, देराला बोटीच्या ऑफिसात क्लार्क होते. साहेबलोकांनी टाकलेली सिनेमाची मासिकं घरी आणायचे आणि जेवताना वाचून दाखवायचे. हीरो डावखुरा आहे, आधी टोप्या विकायचा, पहिल्या सिनेमात नुसतं मढं होऊन पडला होता. मी म्हणायचे, "घाला त्या गोऱ्याला चुलीत, मासळी थंड होतेय!" पण ऐकायचे सगळं. आणि हे कुठे चुकले की सोडायचे नाही.

त्रेसष्ट साली भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. खजुरीच्या झावळ्यांचं आमचं घर, उकाडा तर विचारूच नका. सुईण हव्वाबी आमच्याच रत्नागिरीकडची. तिने पडदा ओढून ह्यांना बाहेर हाकललं. बाहेर माझे सासरे बसलेले. वडीलधाऱ्यांसमोर बायकोला हाक मारणं म्हणजे आमच्यात बेशरमीच. मग हे काय करणार? सासऱ्यांनाच मोठमोठ्याने सांगायला लागले, "अब्बा, तो हॅलिडन आहे ना, डावखुरा आहे!"

"डोकं फिरलंय काय तुझं?" सासरे वैतागले.

ह्यांचं चालूच. टोप्या झाल्या, मढं झालं. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, मी इथेच आहे म्हणून सांगतायत, हे मला कळत होतं. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पण मूल अडलं. माझी ताकद खलास झाली. हव्वाबी गाल थापटत होती, "झुबेदा, डोळे उघड गं, झोपू नकोस!" मला ओरडावंसंही वाटेना. माझा आवाज बंद झाला तसे बाहेरचेही गप्प झाले.

मग ह्यांचा आवाज आला, पार फाटलेला. "अब्बा, हॅलिडन ना, पट्टीचा पोहणारा! आपली खाडी एका दमात पार करील!"

माझं टाळकंच सरकलं. बाई मरायला टेकलीय आणि हा माणूस थापा मारतोय?

"झूठ!" मी किंचाळले. "त्याला पोहता येत नाही! सिनेमात उडी दुसराच मारतो!"

"तशीच ओरड! यल्ला, जोर लाव!" हव्वाबी म्हणाली. त्या रागाच्या भरातच माझी बिलकीस जन्मली.

सगळं आवरल्यावर हे पडद्याशी आले, सासऱ्यांच्या देखत. सासरे उठले, "मशिदीत जाऊन येतो," म्हणाले. नमाजाला अजून बराच वेळ होता.

हे लहान पोरासारखे रडत होते. मी म्हटलं, "एवढं साधं कसं चुकलात हो?"

"मुद्दाम चुकलो," हे म्हणाले. "तू जिवंत असशील तर भांडशील, एवढंच मला ठाऊक होतं."